मुलींचा बाजार उघडा ठेवून शांतता येणार नाही

दक्षिण सुदानमध्ये २२ डिसेंबर २०२६ रोजी मतदान घ्यायचं जाहीर झालेलं आहे. २०११ मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशाची ही पहिलीच निवडणूक. ती घडवून आणायला निघालेल्या सगळ्यांना, म्हणजे जुबातल्या सत्ताधाऱ्यांना, मध्यस्थी करणाऱ्या शेजारी देशांना, मदतीचा पैसा पाठवणाऱ्या पाश्चात्त्य सरकारांना आणि तिथल्या तेलात भांडवल अडकवून बसलेल्या नवी दिल्लीला एक गोष्ट वेळेत आणि स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे. तिथे मुलगी गुरांच्या मोलाने घराबाहेर पडते. नवऱ्याकडून पळाली तर तुरुंगात बसते. तिच्यावर अत्याचार करणारा बंदूकवाला मोकाट फिरतो. ही व्यवस्था आहे तशी ठेवून तुम्ही मतपेट्या मांडल्यात, तर पुढच्या युद्धाची तजवीज तुम्ही स्वतःच्या हातांनी केलेली असेल. मग ‘आम्हाला अंदाज आला नाही’ ही सबब कुणी ऐकून घेणार नाही.

‘आधी बंदुका थांबवू, बायकांचं नंतर बघू’ हे वाक्य दक्षिण सुदानच्या बाबतीत फार वेळा वापरून झालं आहे. डिसेंबर २०१३ मध्ये जुबाच्या लष्करी छावणीत गोळीबार सुरू झाला आणि अध्यक्ष साल्वा कीर व त्यांनीच काढून टाकलेले उपाध्यक्ष रिएक माचार यांचं भांडण पाहता पाहता डिंका आणि नुएर या दोन जमातींचं यादवी युद्ध झालं. ऑगस्ट २०१५ मध्ये करार झाला. जुलै २०१६ मध्ये तो राजधानीच्याच रस्त्यांवर मोडला. सप्टेंबर २०१८ मध्ये अदिस अबाबात पुन्हा सह्या झाल्या. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या अभ्यासकांनी त्याच वर्षी मांडलेला अंदाज असा की, युद्ध झालं नसतं तर जगली असती अशी सुमारे ३ लाख ८३ हजार माणसं मेली. मार्च २०२५ मध्ये माचार नजरकैदेत गेले, सप्टेंबरमध्ये त्यांच्यावर देशद्रोहाचे आणि खुनाचे आरोप ठेवले गेले, आणि त्याआधी, मार्चमध्येच, उत्तरेत नासिरची लष्करी छावणी तरुणांच्या ‘पांढऱ्या सेने’ने ताब्यात घेतली. अडकलेल्या सैनिकांना सोडवायला गेलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या हेलिकॉप्टरवरही गोळ्या झाडल्या गेल्या.

ही पांढरी सेना कुठून आली ते नीट पाहा. तिच्या नावाचा संबंध राखेशी जोडतात. नाईलच्या पाणथळ कुरणांत उन्हाळ्यात गुरांचे तळ पडतात. संध्याकाळी शेणाचे ढीग पेटवले जातात, कारण धुराने डास आणि माश्या दूर राहतात. सकाळी ती बारीक पांढरी राख पोरं अंगभर चोळतात, गुरांच्या पाठीवर चोळतात. हातभराहून लांब शिंगांची जनावरं खुंट्यांना बांधलेली असतात आणि प्रत्येक तरुणाचा एक लाडका बैल असतो. त्या बैलाच्या रंगावरून त्याला नाव मिळतं, त्या बैलावर तो गाणी रचतो. चित्र मोहक आहे, परदेशी छायाचित्रकारांनी ते भरपूर विकलं आहे. त्या चित्रात अलीकडे जवळजवळ प्रत्येक तरुणाच्या खांद्यावर कलाश्निकोव्ह असते. पांढरी सेना म्हणजे तळावरची गुरं राखणारी आणि दुसऱ्यांची गुरं पळवणारी हीच पोरं.

ती गुरं पळवतात कशासाठी? लग्नासाठी. नवऱ्या मुलाने मुलीच्या घरी देज मोजावं लागतं आणि ते गुरांत मोजलं जातं. मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड १९३०च्या दशकात नुएर लोकांत राहिले, तेव्हा त्यांनी चाळीस गुरं हे आदर्श देज म्हणून नोंदवलं. आलेली गुरं बापाच्या गोठ्यात राहत नाहीत. चुलत्यांचा वाटा, मामांचा वाटा, सावत्र भावांचा वाटा ठरलेला असतो. बहिणीच्या लग्नात आलेल्या गुरांवर भावाचं लग्न होतं. म्हणजे बहिणीचं लग्न लवकर झालं पाहिजे, आणि झालं की टिकलंच पाहिजे. तिने काडीमोड मागितली तर गुरं परत करायची. पण ती तर भावाच्या सासऱ्याकडे, तिथून आणखी पुढे गेलेली असतात. मग मार खाऊन माहेरी आलेल्या बाईला तिचेच भाऊ धरून परत नेऊन घालतात. तिच्या अंगावरचे वळ सगळ्यांना दिसतात. पण ती परत गेली नाही तर चार घरांचे संसार उधळतील याचा हिशेब प्रत्येकाच्या डोक्यात असतो.

लग्न झाल्याशिवाय तरुण पुरुष म्हणून मोजला जात नाही. बैठकीत त्याला शब्द नाही, त्याच्या नावाने वंश नाही. ज्याच्याकडे गुरं नाहीत त्याच्यापुढे रस्ते दोनच: वय निघून जाईपर्यंत थांबायचं किंवा रात्री शेजारच्या जमातीच्या तळावर धाड घालायची. शेजारची जमात सूड घेते. सुडात माणसं मरतात, गुरं जातात, आणि बायका-मुलंही पळवून नेली जातात. पळवून नेलेल्या मुलीला देज लागत नाही, हा त्यातला उघड फायदा.

व्हॅलेरी हडसन आणि हिलरी मॅटफेस या दोन अभ्यासकांनी २०१७ मध्ये हाच धागा पकडून दाखवला: देजाचा भाव चढतो तिथे अविवाहित, चिडलेल्या तरुणांची फौज तयार होते आणि ती फौज कुणीही भरती करून घेऊ शकतं. नायजेरियातल्या बोको हरामने आपल्या पोरांना बायका मिळवून दिल्या, त्या पळवलेल्या होत्या हा तपशील पोरांना खटकला नाही. हडसन आणि सहकाऱ्यांनी पुढे १७६ देशांची माहिती तपासली, तीत बाईच्या घरातल्या दुय्यमपणाचा आणि देशाच्या अस्थिरतेचा संबंध पुन्हा पुन्हा सापडला. एवढं सगळं छापून आलेलं असताना वाटाघाटींच्या टेबलावर मात्र देज हा विषय ‘सामाजिक’ या खान्यात पडतो आणि सामाजिक म्हणजे बिनमहत्त्वाचा.

खरी गोम पुढे आहे. हा भाव निसर्गाने चढलेला नाही, तो चढवला गेला आहे. क्लेमॉन्स पिनो या अभ्यासिकेने त्याचा माग काढला आहे. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळापासून सेनापतींनी गुरांचे कळप आणि लुटीचा माल गोळा केला. सुदान सरकारशी झालेल्या २००५च्या शांतता करारानंतर तेलाचा पैसा आला तसे कळप आणखी वाढले. त्या गुरांवर त्यांनी स्वतः अनेक बायका केल्या आणि हाताखालच्या सैनिकांचं देजही भरलं. ज्याचं लग्न साहेबांनी लावून दिलं तो साहेबांसाठी मरायला तयार असतो. देशाचा सैनिक असा एका माणसाचा ऋणको झाला. पगार महिनोन् महिने थकतो, पण बायको मिळवून देणारा सेनापती डोळ्यांसमोर असतो. अशा फौजेला एका गणवेशात उभं करून तुम्ही ‘एकत्रित राष्ट्रीय सेना’ म्हणता, तेव्हा कुणाची फसवणूक करता?

२०१८ मध्ये तिथल्या एका अल्पवयीन मुलीचं लग्न जगभर गाजलं. बोली लागत गेली आणि पाचशे गाई, मोटारी आणि रोख डॉलर देणाऱ्याच्या पदरात ती पडली. बोलीची चर्चा फेसबुकवरून झाल्यामुळे जगाला धक्का बसला. फेसबुक नसतं तर धक्काही बसला नसता. त्या देशात निम्म्याहून अधिक मुलींची लग्नं अठराच्या आत होतात असं युनिसेफची आकडेवारी सांगते. लहान वयात लग्नापासून मुलांना संरक्षण देणारा कायदा २००८ पासून कागदावर आहे. पण बहुतेक भांडणं जमातीच्या पंचांपुढे मिटतात, आणि ठरलेल्या घरी जायला नकार देणाऱ्या किंवा नवऱ्याला सोडून गेलेल्या मुलींना तुरुंगात डांबल्याचं ह्यूमन राइट्स वॉचने २०१२-१३ मध्येच नोंदवून ठेवलं आहे. पूर्व इक्वेटोरिया राज्यात तर खुनाची भरपाई द्यायला गुरं नसतील तर मेलेल्याच्या घरी मुलगी देतात. खून एकाने केला, फेडते त्याची पुतणी.

आपल्याकडचा वाचक इथे हमखास म्हणतो, ‘आमच्यात हुंडा, तिथे देज, म्हणजे तिथे मुलीला मोल तरी आहे!’ मोल आहे, आणि तेच बापाला मिळतं. बाईला त्यातली एक गायही आपली म्हणता येत नाही. आणि आपण फार वर चढून बोलायचं कारणही नाही. दक्षिण सुदानच्या २००८च्या दंडसंहितेत नवऱ्याने केलेला बलात्कार हा बलात्कार धरत नाहीत. आपल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मधला अपवादही, बायको अठरा वर्षांवरची असेल तर, तेच सांगतो.

युद्धात ही व्यवस्था कुठल्या थराला गेली ते युनिटी राज्याने पाहिलं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने मार्च २०१६ मध्ये अहवाल दिला. एप्रिल ते सप्टेंबर २०१५ या काळात एकट्या त्या राज्यातून बलात्काराच्या १३०० हून अधिक तक्रारी आल्या होत्या. सरकारच्या बाजूने लढणाऱ्या टोळ्यांना पगार नव्हता. गुरं लुटा, बायका घ्या, हाच मेहनताना अशी मुभा त्यांना होती. ज्या समाजात बायको गुरांत मोजली जाते, तिथे सैनिकाचा पगारही गुरं आणि बायका या एकाच चलनात चुकता झाला.

करार झाल्यावर तरी थांबलं का? सप्टेंबर २०१८ मध्ये सह्या झाल्या. नोव्हेंबरच्या अखेरीस त्याच राज्यातल्या बेंटियूजवळ बायका धान्यवाटपाच्या ठिकाणी पायी निघाल्या होत्या. वाट गवतातून जाते, गवत डोक्याच्या वर वाढलेलं. दहा दिवसांत १२५ बायका आणि मुली डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सच्या दवाखान्यात लैंगिक अत्याचाराचे उपचार घ्यायला आल्या. काही चाबकाने फोडलेल्या, काहींचे कपडे, चपला, शिधापत्रिकाही काढून घेतलेल्या. निर्वासितांच्या छावण्यांत आणखी एक कडू हिशेब चालतो. सरपणाला, धान्याला बाहेर बायकाच जातात, कारण पुरुष गेला तर ठार मारतील आणि बाई गेली तर ‘फक्त’ बलात्कार होईल. हा हिशेब करायची पाळी ज्या घरावर आली त्या घरातला मुलगा मोठा होऊन मतपेटीवर विश्वास ठेवेल, असं अदिस अबाबातल्या कुठल्या पंचाला वाटतं?

बायका सगळ्या गाईसारख्या गरीब, असं मी म्हणत नाही. धाडीला निघालेल्या पोरांना गाण्यांनी चेतवणाऱ्या आणि हात हलवत परतलेल्याला षंढ म्हणून हिणवणाऱ्या आयाबहिणीही तिथे आहेत. व्यवस्था त्यांच्याही तोंडून बोलते. म्हणूनच चार बायका खुर्चीवर बसवून हा प्रश्न सुटत नाही. २०१८च्या करारात बायकांना सरकारात ३५ टक्के जागा कबूल केल्या होत्या. २०२०-२१ मध्ये दहा राज्यपाल नेमले, त्यांत बाई एक. वरच्या पदांवर कोण आल्या? स्वातंत्र्यलढ्याचे नेते जॉन गरांग यांच्या पत्नी रेबेका न्यांदेंग उपाध्यक्ष झाल्या, माचार यांच्या पत्नी अँजेलिना तेनी संरक्षणमंत्री. दोघीही स्वतःच्या बळावर राजकारणात मुरलेल्या आहेत, हे खरं. पण नवऱ्याच्या नावाशिवाय वर चढायची वाट बाईला बंद असेल, तर तो कारभार आपल्या ओळखीचा आहे. गावोगावचे सरपंचपती आपण पाहिलेले आहेत.

तरीही बायका बाहेरून दार ठोठावतात तेव्हा युद्ध थांबू शकतं, याला दाखला आहे. २००३ मध्ये लायबेरियाच्या वाटाघाटी आक्रामध्ये रेंगाळल्या होत्या. लेमा ग्बोवी आणि तिच्या सोबतच्या बायकांनी सभागृहाची दारं अडवली आणि करार केल्याशिवाय पुरुषांना बाहेर पडू देणार नाही म्हणून ठाण मांडलं. ऑगस्टमध्ये करार झाला. पुढे २००७ ते २०१६ या काळात भारताच्या केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या महिलांची तुकडी मोनरोव्हियात पहाऱ्याला होती. म्हणजे महिला जवान पहाऱ्याला पाठवण्याचं काम भारताला येतं.

म्हणून आता मुदत घालून सांगायचं. मतदानाच्या दिवसाआधी पुढच्या गोष्टी झाल्या पाहिजेत.

२०१५ मध्ये कबूल केलेलं, २०१८ मध्ये पुन्हा कबूल केलेलं आणि अजून न उघडलेलं, युद्धगुन्ह्यांचा निवाडा करायचं संयुक्त न्यायालय उघडलं पाहिजे. जुबा सही करत नसेल तर ते स्थापण्याचा अधिकार आफ्रिकी संघाकडे आहे. त्याने जुबाच्या परवानगीची वाट पाहणं बंद करावं. एकाही सेनापतीला बलात्काराच्या आरोपातून माफी मिळता कामा नये, मग तो कीर यांच्या गोटातला असो की माचार यांच्या. सैनिकांचा पगार तेलाच्या उत्पन्नातून दर महिन्याला, उघड यादीनुसार व्हावा. नवऱ्याला सोडल्याबद्दल तुरुंगात असलेली प्रत्येक बाई बाहेर आली पाहिजे. खुनाच्या भरपाईत मुलगी देणं हा गुन्हा ठरला पाहिजे आणि देणाऱ्या-घेणाऱ्या पंचांना शिक्षा झाली पाहिजे. गुरं परत केल्याशिवाय काडीमोड नाही, ही अट रद्द झाली पाहिजे. देजावर सरसकट बंदी घाला असं मात्र मी म्हणणार नाही. आपण हुंड्यावर १९६१ साली बंदी घातली आणि हुंडा पाकिटातून मोटारीत, मोटारीतून फ्लॅटमध्ये गेला. देज नोंदवा, त्याला मर्यादा घाला आणि पंचांकडूनच ती पाळून घ्या. ते जमण्याजोगं आहे.

हे झालं नाही तर काय होईल तेही सांगतो. निवडणुकीत हरणारा सेनापती आपल्या तळावर जाईल. तिथे लग्नाविना खोळंबलेली हजारो पोरं आणि बंदुका तयारच असतील. दोन रात्रींत पहिली धाड पडेल. अशी धाड कशी असते ते डिसेंबर २०११ अखेर जोंगलेई राज्यात दिसलं होतं. काही हजार सशस्त्र लोऊ नुएर तरुण मुर्ले लोकांच्या पिबोर गावावर चालून गेले. संयुक्त राष्ट्रांचे सैनिक तिथे होते, पण ते हजारोंचा लोंढा अडवू शकले नाहीत. पुढच्या काही आठवड्यांत हल्ले आणि बदले मिळून जवळपास ९०० माणसं मेली.

आता नवी दिल्ली. एप्रिल २०१३ मध्ये जोंगलेईत दबा धरून केलेल्या हल्ल्यात पाच भारतीय शांतिसैनिक मारले गेले. त्याच डिसेंबरात आकोबोतल्या संयुक्त राष्ट्रांच्या तळावर आश्रय घेतलेल्या लोकांना वाचवताना आणखी दोघे गेले. हजारोंनी आपले जवान आजही तिथे आहेत; २०१९ ते २०२२ लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर यांनी तिथल्या सगळ्या शांतिसेनेचं नेतृत्व केलं. ओएनजीसी विदेश या आपल्या सरकारी कंपनीचा तिथल्या एका तेलसमूहात २५ टक्के आणि दुसऱ्यात २४.१२५ टक्के वाटा आहे. दुसरा ब्लॉक ५ए, तो याच युनिटी राज्यातला. याच ब्लॉकमध्ये १९९९ ते २००३ दरम्यान झालेल्या अत्याचारांना साथ दिल्याच्या आरोपावरून लुंडिन या स्वीडिश कंपनीच्या दोन माजी अधिकाऱ्यांवर सप्टेंबर २०२३ मध्ये स्टॉकहोमच्या न्यायालयात खटला उभा राहिला. ते आरोप नाकारतात. आपली कंपनी त्या आरोपात नाही, पण जमीन तीच आहे आणि तिथून निघणारं तेल कुणाच्या गोठ्यात गुरं बांधतं ते विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. एवढं असताना सुरक्षा परिषदेत दक्षिण सुदानवरची शस्त्रबंदी वाढवायचा ठराव मे २०२१ मध्ये आला तेव्हा भारत तटस्थ राहिला. मे २०२२ मध्ये पुन्हा तटस्थ. शस्त्रबंदी नीट पाळली जात नाही हे मला मान्य आहे. पण आपल्या जवानांच्या छातीवर रोखली जाणारी बंदूक आणखी यावी की येऊ नये, या प्रश्नावर मत नसणं, हा कसला मुत्सद्दीपणा?

सरकारने मतदानाआधी तीन गोष्टी जाहीर कराव्यात. ओएनजीसी विदेशने जुबाला कोणत्या खात्यात किती रक्कम दिली ती वर्षवार. तिथल्या भारतीय तुकड्यांत महिला जवान किती आणि सरपणाच्या, धान्याच्या वाटांवर त्यांची गस्त किती. आणि शस्त्रबंदीबाबत भारताची भूमिका, होय की नाही. हे जाहीर होत नसेल तर आपले जवान तिथे नेमकं कशाचं रक्षण करत आहेत, लोकांचं की विहिरींचं, हा प्रश्न आम्ही विचारणार आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणार.

महाराष्ट्रातून ४८ आणि गोव्यातून दोन खासदार लोकसभेत जातात. तुमच्या खासदाराला या तीन प्रश्नांचं पत्र लिहा आणि ते सभागृहात मांडायला सांगा. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, तेव्हा पत्र याच आठवड्यात टाका.